जस्तावरचा लाल रंग

ईशान, तारा,

हातातला ब्रश खाली ठेवा, डब्याचं झाकण घट्ट लावा आणि मग पुढे वाचा. तुमच्या बाबांनी बोट घेतली हे मला तुम्ही पाठवलेल्या फोटोवरूनच कळलं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं ते मला ठाऊक आहे. फोटोत अंगणातल्या ओंडक्यांवर जुनी पांढरी बोट आहे. ईशानच्या हनुवटीला निळा ठिपका लागलाय. बोटीच्या मागे पाण्यात बुडणारा जो धातूचा पाय असतो, त्याला तारा मन लावून निळा रंग देते आहे. छान दिसतोय. इतका छान, की मला जेवण गेलं नाही.

तुमचं बंदर खाऱ्या पाण्याचं आहे. आपली खाडीही खारी. मीठ सगळीकडे सारखंच चावतं.

तुम्ही लहान असताना आजोबांच्या रिकाम्या बाहीत हात घालून विचारायचात, ‘इथला हात कुठे गेला?’ आम्ही सांगायचो, मशीनमध्ये गेला. भिवंडीत हे उत्तर कोणालाही पटतं. यंत्रमागात बोटं गमावलेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. पण तुमच्या आजोबांचा हात मागात गेला नाही. तो कसा गेला ते सांगायला आज दोन कारणं मिळाली. एक तुमचा फोटो. दुसरं, इथे श्रावण लागलाय आणि गावात बोटी खरवडायला घेतल्यात.

तो आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही. मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढून पालथ्या घातलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी प्रत्येक होडीचा जुना रंग पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढतात. खर्रर्र, खर्रर्र. मध्येच पाऊस येतो, मग माणसं प्लास्टिकखाली बिड्या ओढत बसतात, आणि थांबला की पुन्हा खर्रर्र. एरवी आपल्या गावात आता फारसं गाव उरलेलं नाही. राहनाळकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. त्यांच्या निळ्या पत्र्यांवर पाऊस असा आपटतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ट्रेलर अडकतात, ड्रायव्हर एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. पण गोदामांच्या पाठीमागे खाडी अजून तिथेच आहे. आणि तिच्या काठावर श्रावणात ऑइलपेंटचा वास सुटतो. तो वास आला की तुमचे आजोबा घराच्या मागच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतात. उकडलं तरी उघडत नाहीत.

ज्या बोटीपायी तो हात गेला, ती काशिनाथ भावजींनी आणली होती. तुमचे काशाआजोबा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. आता तुम्हाला व्हिडिओ कॉलवर जे गप्प, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दिसतात, ते तेव्हा असे नव्हते. अंगानं रेड्यासारखे, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. रागावले की आधी हात उठायचा, मग कारण आठवायचं. घरातल्या कुठल्याही डब्याचं झाकण अडकलं की ते त्यांच्याकडे जायचं. बहुतेक वेळा झाकण उघडायचं, कधीकधी डबाच फुटायचा. आमच्या जमिनींवर गोदामं उभी राहिल्यावर कोणी मोटार घेतली, कोणी गच्चीवर मजला चढवला. भावजी मुंबईकडे गेले आणि कोणा हौशी माणसानं वापरून टाकलेली, लांब नाकाची, फायबरची वेगवान बोट ट्रेलरवर घालून घेऊन आले. म्हणाले, ‘‘बापाचा बार्ज गेला तवापासून घरात बोट न्हाय. खाडीकाठच्या मानसाच्या घरात बोट न्हाय म्हंजे काय?’’

सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, तोवर दिसेनासं झालं होतं. त्यांना हाताला धरून बोटीपाशी नेलं. त्यांनी सगळीकडून चाचपली, बोटाच्या गाठीनं वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘काशा, ही बोट हाय का न्हाणीघरातली टाकी?’’

सगळे हसले. भावजीही हसले. आपल्या आईसमोर ते नेहमी सहा वर्षांचे असायचे.

ही बोट आमच्या होड्यांसारखी नव्हती. हिचं इंजिन पोटात आणि पंखा बाहेरच्या पायात. तुमच्या बोटीचंही तसंच आहे. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. गावात त्या पायाला ‘शेपूट’ म्हणायचे आणि ते बरोबरच होतं, कारण ही बोट माशासारखी शेपूट वळवूनच वळते. वेगळं सुकाणू नसतं. तुम्ही चाक फिरवता, चाक एक तार ओढतं, तार एक दांडा ढकलते, दांडा एका आडव्या हाताला हलवतो आणि तो हात एका उभ्या पोलादी खिळीला फिरवतो. खिळी अॅल्युमिनियमच्या कड्यात बसवलेली असते आणि तिच्यावर सबंध शेपूट डावी-उजवी होते. एवढ्या मोठ्या बोटीची दिशा हाताच्या पंजात मावेल एवढ्या खिळीवर टांगलेली. शेपटीच्या अंगावर जस्ताचे दोन ठोकळेही असतात. ते कशासाठी आहेत, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही.

बोटीची देखभाल रामसुमेरकडे गेली. तो मूळचा जौनपूरकडचा, भिवंडीत मागांचा फिटर होता. माग बंद पडत चालले तसा तो पंप, जनरेटर, पिठाची चक्की, जे येईल ते दुरुस्त करायला लागला. किडकिडीत, बडबड्या, खांद्याला ग्रीसची पिचकारी बंदुकीसारखी लटकवलेली. ‘येत नाही’ हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. बोटीभोवती एक फेरी मारून त्यानं दिसतील तिथे ग्रीस भरलं आणि भावजींना म्हणाला, ‘‘सेठ, रामसुमेर ने ग्रीस मार दिया है. अब सौ साल नहीं जाम होगा.’’

‘‘तू सौ साल जगनार हाय का रे?’’

‘‘हम नहीं रहेंगे सेठ. ग्रीस रहेगा.’’

भावजींना हा माणूस आवडायचा. दोघं तासन्‌तास बोटीत बसून एकमेकांना शिव्या देत. हेही मी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुम्ही ते विसराल.

मग पौर्णिमा आली. नारळ घेऊन खाडीला सामोरं जायचं ते नटून जायचं. बाई जशी उघड्या कपाळानं जात नाही, तशी बोटही उघडी नेत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. लाकूड असो, लोखंड असो, रंगाचा हात फिरलाच पाहिजे. सासूबाईंना पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहून बोटीची पाहणी करायची सवय. आता दिसत नाही म्हणून त्या ओट्यावरूनच हुकूम सोडत होत्या, ‘‘काशा, कुठं उघडं दिसता कामा न्हाय. खाडी बघतंय.’’ भावजींनी वरच्या बाजूला पांढरा रंग दिला. शेपटीला मात्र मच्छीमार होड्यांच्या तळाला लावतात तो लाल रंग लावला. शेजाऱ्यांच्या होडीचा उरला होता. त्या रंगात तांबं असतं, त्यामुळे तळाला शिंपले-शेवाळ धरत नाही. लाकडाला तो उत्तम. शेपटीवर त्यांनी तो दोन-दोन हात चढवला. जस्ताचे ठोकळे भुरे आणि बेढब दिसत होते, म्हणून त्यांच्यावर तर तीन हात. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते कोपऱ्याकोपऱ्यातून बारीक ब्रश फिरवत होते, लेकराच्या डोळ्यांत काजळ घालावं तसे. त्या माणसाला मी इतक्या हळुवारपणे दुसरं काही करताना पाहिलेलं नाही.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि मी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवली. धातूंचं मला तेव्हा काही कळत नव्हतं. नंतर मी वाचलं, विचारलं, समजून घेतलं, कारण समजल्याशिवाय मला शांत बसता येत नाही. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र ठेवले की ते मारामारी करतात. मी उपमा देत नाही. दुसरा नेमका शब्द मला सापडलेला नाही. तांबं अॅल्युमिनियमला खातं. पोलादही त्याला कुरतडतं. अॅल्युमिनियमला आपल्या लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. त्याची पांढरी भुकटी होते, चुन्यासारखी, आणि ती फुगते. खिळीभोवतीच्या कड्यात भुकटी फुगली की कडं खिळीचा गळा आवळतं. जस्त असतं ते या मारामारीत मध्ये पडायला. पाण्याला आणि मिठाला खायचंच असेल तर त्यांनी जस्त खावं आणि बाकीच्यांना सोडावं, अशी योजना आहे. पण जस्ताचं अंग पाण्याला लागलं पाहिजे. आम्ही त्याचं तोंड तीन हात रंगानं बांधलं होतं आणि शेजारी तांबं आणून बसवलं होतं. नटवून, नारळ दाखवून, हळद-कुंकू लावून.

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात चाक जड लागायला लागलं. तुमचे आजोबा एकदा ते फिरवायला गेले तर दोन्ही हातांनी फिरेना. तेव्हा त्यांना दोन हात होते. त्यांनी भावजींना सांगितलं, ‘‘काशा, चाक जड झालंय. दाखवून घे.’’

भावजींनी एका हातानं गर्रकन फिरवलं. ‘‘दादा, दूध पी दूध.’’

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अशक्त माणसाच्या हातात ते चाक असतं तर त्यानं बोट काठाला लावली असती. यंत्र सांगत होतं, ऐका. पण आमच्या घरात जोर होता. जोर असला की ऐकावं लागत नाही. अडकलं तर ढकलायचं, नाही हललं तर ठोकायचं. आपल्या घराण्याचा जो रोग आहे तो हाच, मुलांनो, आणि ईशान, तू गेल्या वर्षी शाळेत कोणाचा तरी दात पाडलास असं मला कळलं आहे.

त्या श्रावणात पाऊस दिवसेंदिवस थांबला नाही. वरून नदीचं पाणी उतरत होतं आणि समोरून भरती चढत होती. दोघांची गाठ आमच्या गावात पडली. सकाळी रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी होतं. दुपारपर्यंत रस्ता दिसेना. पाणी तपकिरी, जाड, त्यात गोदामातले खोके, सिलिंडर, एक मेलेली म्हैस. ट्रेलर आगपेट्यांसारखे एकमेकांवर घसरत होते. शेवटच्या गोदामात हमाल अडकले होते, तिथेच पोटमाळ्यावर राहणारे. त्यांनी वरचे पत्रे फोडून डोकी बाहेर काढली होती आणि ते ओरडत होते. पावसाच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंडं उघडी दिसत होती.

भावजींनी बोट काढली. तुमचे आजोबा लांब बांबू घेऊन त्यांच्याबरोबर बसले. मी आपल्या गच्चीत होते. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कोणाचं ऐकून लिहीत नाही.

त्यांनी पत्र्यावरून माणसं उतरवून घेतली. बोट भरली. भावजींनी इंजिनाला जोर दिला आणि डावीकडे चाक फिरवलं. बोट वळली. आणि वळतच राहिली. एखादं जनावर स्वतःची शेपटी धरायला जातं तशी ती भोवऱ्यात गोल फिरायला लागली. मला आधी वाटलं, भावजी मुद्दाम फिरवताहेत. मग त्यांना चाकावर उभं राहून सगळ्या अंगाचा भार टाकताना पाहिलं. त्यांचा आवाज मात्र मला ऐकू आला. ‘‘दादा! चाक मेलं!’’

इंजिन बंद करावं तर प्रवाह नेणार, चालू ठेवावं तर फिरत राहणार. त्यांनी बंद केलं. तुमचे आजोबा मागच्या कडेला पालथे झाले, शेपटीला बांबू लावला, हलेना. मग बांबू टाकून त्यांनी डावा हात खाली घातला आणि शेपूट हातानं ढकलायला लागले. प्रवाहानं बोट मागच्या मागे नेली आणि गोदामाच्या लोखंडी फाटकाच्या खांबावर आपटली. बोट आणि खांब यांच्यामध्ये तुमच्या आजोबांचा हात होता.

माणसं वाचली. सगळी. त्यांनी फाटकाला धरलं, भिंतीवर चढली आणि आजोबांनाही त्यांनीच वर ओढलं. एका हमालानं आपली लुंगी सोडून त्यांच्या दंडाला आवळली. तो उघडा भिंतीवर बसून राहिला, पाऊस खात. मी जिन्यानं खाली आले तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीवर होतं. मी परत वर गेले, कपाटातली धुतलेली चादर काढली आणि तिच्या पट्ट्या फाडायला बसले. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही. होडीतून त्यांना आणलं तेव्हा पट्ट्या तयार होत्या, एकावर एक, घडी केलेल्या. इस्पितळात त्यांचा हात कोपराच्या वरून काढला.

आता जे सांगते ते मी तुमच्या बाबांनाही पूर्ण सांगितलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी आजोबांचे कपडे न्यायला घरी आले. सगळीकडे चिखल, त्यावर माशा, कुजलेल्या धान्याचा वास. खाडीच्या उतारावर बोट कलंडून पडली होती आणि तिथे गर्दी होती. भावजींनी रामसुमेरला धरून आणला होता आणि बोटीच्याच दोरानं बोटीच्या कड्याला बांधला होता. त्याचीच ग्रीसची पिचकारी, ती लोखंडी नळी, भावजींच्या हातात होती.

‘‘ग्रीस मारला म्हनालास ना? सौ साल म्हनालास ना?’’ एक फटका. ‘‘किती झाली रं सौ साल? मोज!’’

‘‘मारा था सेठ! गंगा मैया की कसम, मारा था!’’

दुसरा फटका उजव्या कानावर बसला. त्याच्या कानातून रक्त आलं. कोणीतरी म्हणालं, ‘‘बोटीसकट पेटवा साल्याला.’’ आणि कोणीतरी खरोखरच पेट्रोलचा कॅन आणला. आदल्या दिवशी हीच माणसं एकमेकांना खांद्यावर बसवून पाण्यातून काढत होती. मी प्रत्येकाला ओळखत होते. निम्म्यांना मी शिकवलं होतं. पावसानं त्यांचं घरदार धुऊन नेलं होतं आणि पावसाला मारता येत नाही. रामसुमेरला येत होतं.

मी पुढे झाले. ‘‘भावजी, सोडा त्याला. मरेल तो.’’

‘‘वैनी, बाजूला व्हा. दादाचा हात गेलाय. हा मरनारच हाय.’’

ते तावातावानं बोलले नाहीत. ठरवून बोलले. त्या आवाजावरून मला कळलं की माणूस आज जाणार, आणि भावजी जन्मभरासाठी तुरुंगात जाणार. मी पुन्हा काही बोलले. माझ्या बोलण्यात जोर नव्हता. शाळेतला आवाज मारणाऱ्यांवर चालत नाही.

गर्दी मागून फाटली. हिरा, भावजींची बायको, सासूबाईंना दोन्ही हातांनी धरून आणत होती. त्या चिखलातून अनवाणी आल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला.

‘‘कोन हाय बांधलेला?’’

‘‘मिस्त्री, आये,’’ भावजी म्हणाले.

‘‘जित्ता हाय का?’’

‘‘हाय.’’

‘‘सोड. शेपूट खोलू दे त्याला. काय मेलंय ते आधी माझ्या हातात दे. मग मार. मी न्हाय म्हननार न्हाय.’’

शेपूट खोलता येणारा गावात तोच एक होता, म्हणून त्याला सोडला. कानावरचं रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं आणि हा माणूस गुडघ्यांवर बसून पान्यानं बोल्ट फिरवत होता. पाना घसरत होता. भावजी डोक्यावर उभे. खिळी निघेना. हातोड्यानं खालून ठोकल्यावर निघाली आणि तिच्याबरोबर पांढऱ्या भुकटीचा लोंढा बाहेर पडला, वाळवीच्या वारुळातून पडावा तसा. सासूबाईंनी खिळी हातात घेतली. तिला खड्डे पडले होते, किडलेल्या दातासारखे. ग्रीस होतं, पण ते वरच्या वर. आत भुकटीनं त्याला वाटच ठेवली नव्हती. मग त्यांचा हात कड्यावरून फिरला, शेपटीवर गेला आणि ठोकळ्याशी थांबला.

‘‘ह्ये काय?’’

‘‘ठोकळा हाय, आये.’’

‘‘ठोकळा! कोयता दे.’’

त्यांनी कोयत्याच्या टोकानं रंग खरवडला. खर्रर्र. लाल पापुद्रे उडाले आणि आत धातू निघाला, आज दुकानातून आणल्यासारखा, एक ओरखडा नसलेला. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

‘‘ह्ये जस्त हाय, गाढवा. दोन पावसाळं खाडीत राहिलं तं अर्धं झिजाया पायजे. ह्याला तं पान्यानं हात पन न्हाय लावला. कोनी रंगवला?’’

ओट्यावर, गोदामाच्या पत्र्यावर, सगळीकडे पाणी ठिबकत होतं.

‘‘मी, आये.’’

त्यांनी आवाजाच्या दिशेनं थोबाडीत मारली. दिसत नसूनही नेमकी बसली.

‘‘तुझ्या बापाच्या लोखंडी बार्जला जस्त व्हतं. रंगाचा थेंब उडाला त्याच्यावर, तं मानसाला खाडीत ढकलायचा तो. मी पन ढकललेली हाय.’’ त्यांचा श्वास चढला होता. ‘‘आन मीच बोललू तुला, कुठं उघडं दिसता कामा न्हाय. जस्त सोडून, हे बोलायचं राहिलं. माझं डोलं गेलं आन तुझी अक्कल. मारायचं तं हितनं सुरू कर.’’ आणि त्यांनी पदर बाजूला करून स्वतःचं डोकं पुढे केलं.

रामसुमेर रडायला लागला. ‘‘हम तो लूम के आदमी हैं, माई. जस्ता-वस्ता हमको क्या मालूम.’’

सासूबाई त्याच्याकडे वळल्या आणि त्यालाही एक ठेवून दिली. ‘‘मालूम न्हाय तं सौ साल कशाला बोललास?’’

गर्दीत कोणीतरी हसलं. मी शपथेवर सांगते, हसलं. पेट्रोलचा कॅन घेतलेल्या माणसानं तो खाली ठेवला.

पण संपलं नव्हतं. भावजींनी पिचकारी टाकली, हातोडा उचलला आणि आपला डावा हात बोटीच्या कडेवर पसरून ठेवला. त्यांना काय करायचं आहे ते मला कळेपर्यंत हातोडा डोक्याच्या वर गेला होता. हिरा किंचाळली. रामसुमेर सगळ्यांत जवळ होता. तो त्यांच्या मनगटाला लोंबकळला, अक्षरशः लोंबकळला, त्याचे पाय चिखलातून सुटले.

‘‘नहीं सेठ! दो भाइयों में तीन हाथ बचे हैं. दो मत करो!’’

हातोडा पडला तो चिखलात. भावजी खाली बसले. त्यांनी तोंडातून जो आवाज काढला तो मला माणसाचा वाटला नाही.

नंतर पुष्कळ वर्षांनी आमच्या शाळेच्या कार्यक्रमात एक वक्ते म्हणाले, जस्त स्वतः झिजून बोट वाचवतं, तशी आई असते. टाळ्या पडल्या. मला राग आला. जस्त त्याग करत नाही. ते धातू आहे, त्याचा स्वभाव आहे तसं ते वागतं, आणि त्याला तसं वागू द्यायचं एवढंच आपलं काम असतं. सुंदर दिसावं म्हणून आपण त्याच्यावर रंग चढवतो आणि भाषणातही तेच करतो.

तेव्हा मी सांगते ते करा. पायावरचा निळा रंग ओला आहे तोवर जस्तावरून पुसून काढा, वाळला असेल तर खरवडा, धातू चमकेपर्यंत. पायासाठी तांब्याचा रंग कधी आणू नका. बोट पाण्यातून आली की गोड्या पाण्यानं धुवा, खिळीपाशी आणि दांड्यापाशी जास्त वेळ. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, जो दांडा बाहेर येतो तो पुसा, जुनं ग्रीस काढा आणि मगच नवं लावा. जुन्यावर नवं थापू नका. तुमच्याकडे हिवाळाभर बोट उभी राहील तेव्हाही अधूनमधून जाऊन चाक फिरवा. न हलणारी गोष्ट आधी धरते. जस्त अर्धं झिजलं की बदला, आणि झिजतच नसेल तर घाबरा. चाक जड लागलं तर त्या दिवशी बोट काढू नका. जोर लावू नका. बाबांना पण लावू देऊ नका.

पणजी त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. बोट भंगारात गेली. भावजींचा हात त्यानंतर कोणावर उठल्याचं मी पाहिलं नाही, पण त्यांनी रामसुमेरची माफी मागितल्याचंही पाहिलं नाही. रामसुमेर आमच्या गल्लीत परत आला नाही. त्या दिवशी आम्ही इस्पितळात नेतो म्हणालो, तर तो एकटा चालत गेला. बोलावणं पाठवलं, तो आला नाही, आणि मला ते रास्त वाटतं. आजोबा मात्र अधूनमधून रिक्षानं त्याच्याकडे जातात. दोघं चहा पितात. काय बोलतात ते आजोबा मला सांगत नाहीत. त्याच्या डाव्या बाजूला बसावं लागतं, एवढंच म्हणाले.

रामसुमेर जिवंत आहे. वडप्याला ट्रेलरचे ब्रेक दुरुस्त करतो. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. डाव्यानं येतं.